बाहेरून कडी

मी कुठलीही वस्तू यादीशिवाय घेत नाही. कुकरचं रबर आणायचं असलं तरी जुनं रबर पिशवीत घालून नेते. त्यामुळे मागच्या अंगणात उभं करायला छोटं तयार ग्रीनहाऊस घ्यायचं ठरलं, तेव्हा मी वहीचं नवं पान काढलं आणि एका बैठकीत चौदा मुद्दे लिहिले. जागा दहा फूट बाय सहा. पाया विटांचा की सिमेंटचा. पाइप गंज न धरणारा. छताला उतार, कारण सिल्वासात पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. वरच्या बाजूला गरम हवा जायला झडप. पाण्याचा नळ किती लांब. असं करत करत चौदावा मुद्दा होता, ‘आबांना पसंत?’

तिसरा मुद्दा मी नवऱ्यालाही वाचून दाखवला नव्हता. तो असा होता: ‘दार. कडी बाहेरून. घट्ट.’

आबा म्हणजे माझे वडील. चाळीसगावकडच्या आमच्या गावी त्यांनी जन्मभर भाजीची रोपं तयार करून विकली. मिरची, वांगी, टोमॅटो. आई गेल्यावर मी त्यांना इथे घेऊन आले. पहिले सहा महिने बरे गेले. मग नळ उघडा राहू लागला, जेवून उठल्यावर जेवायचं राहिलंय असं ते म्हणू लागले, आणि एके दिवशी त्यांनी मला आईच्या नावानं हाक मारली आणि मी ओ दिली. एरवी ते मला लहानपणापासून ‘माय’ म्हणतात.

डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “हातांना ओळखीचं काम द्या. हात लवकर विसरत नाहीत.”

हे मी लिहून घेतलं. पण डॉक्टरांनी पायांबद्दल काही सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा आबा गेले ते दुपारी. मी कारखान्यात होते. मी धागा तयार करणाऱ्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात काम करते. अनोळखी नंबरवरून फोन आला आणि एक माणूस अहिराणीत म्हणाला, “ताई, तुमना बाबा अठे आमलीमा बशेल शेतस. चहा पी राहिनात. घाबरू नका.”

तो धुळ्याकडचा होता, एका गिरणीत कामाला. आबा आमली भागातल्या चौकात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चाळीसगावची गाडी कुठे लागते ते विचारत होते. इथे हिंदी, गुजराती आणि मराठीच्या गर्दीत त्यांची भाषा कुणाला लागेना. ह्याच्या कानावर गावचे शब्द पडले आणि तो थांबला. आबांच्या खिशात मी ठेवलेली चिठ्ठी होती, तिच्यावरून त्यानं फोन लावला. त्याचा नंबर मी ‘आमली चहा’ म्हणून ठेवला.

दुसऱ्यांदा ते सप्टेंबरमध्ये गेले. तेव्हा कुणाचा फोन आला नाही. मी आणि नवरा दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी शोधत निघालो आणि ते मला दमणगंगेच्या काठावर सापडले, पायऱ्यांच्या खाली, घोट्यापर्यंत पाण्यात. त्या आठवड्यात मधुबन धरणातून पाणी सोडणं चालू होतं. आबा शांतपणे पाय धूत होते. मी हाक मारली असती तर ते दचकले असते, म्हणून मी हाक मारली नाही. चपला काढल्या, पायऱ्या मोजत उतरले, पाण्यात गेले आणि मागून त्यांचं मनगट धरलं. ते म्हणाले, “आलीस माय? पाणी वाढतंय बघ.”

पाणी खरंच वाढत होतं. वर येईपर्यंत त्यांच्या वरची पायरीही बुडाली होती.

त्या दिवसापासून फोन वाजला की नाव बघायच्या आधी माझा हात गाडीच्या किल्लीकडे जायचा. कामाला येणारी बाई अकराला जायची. मी एक वाजता जेवायला घरी यायचे. अकरा ते एक, आणि पुन्हा दोन ते पाच आबा एकटे असायचे. आम्ही फाटकाला कुलूप लावून बघितलं. आबा गज धरून उभे राहायचे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “काका दुपारभर रस्त्याकडे बघत असतात हो. आम्हालाच कसंतरी होतं.” मी कुलूप काढलं, मग परत लावलं, मग परत काढलं.

तेव्हा मला ग्रीनहाऊस सुचलं. आबांना रोपं हवीत, डॉक्टरांना हाताचं काम हवं, आणि मला हवं होतं दार. सकाळी अकरा ते एक ते आत रमतील, वर कडुनिंबाची सावली आहेच, पाण्याचा तांब्या ठेवू. मी हे वाक्य पूर्ण कधीच लिहिलं नाही. पूर्ण लिहिलं असतं तर मला वाचावं लागलं असतं. मी फक्त मुद्दा लिहिला.

होळीनंतरच्या एका रविवारी आम्ही तिघं नरोली रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडे गेलो. त्याच्या आवारात तीन नमुने उभे केलेले होते. बाजूला रोपवाटिका, आणि मागे पत्र्याचं छोटं ऑफिस. विक्रेता पन्नाशीचा, गुजराती, पण मराठी गिऱ्हाईकांमुळे मराठी सराईत.

“बेन, एक गोष्ट आधीच सांगतो,” तो म्हणाला. “सिल्वासात थंडी आहे म्हणून कोणी ग्रीनहाऊस घेत नाही. पाऊस मारतो म्हणून घेतात. जुलैमध्ये रोप उघड्यावर ठेवा, आठ दिवसांत सडून जाणार.”

“आणि एप्रिलमध्ये?” नवऱ्यानं विचारलं.

“एप्रिलमध्ये दार उघडं ठेवायचं, साहेब. दुसरा काय उपाय?”

हे मी ऐकलं. माझ्या सहाव्या मुद्द्यापुढे, म्हणजे झडपेपुढे, बरोबरची खूण केली आणि पुढे गेले.

पहिला नमुना बोगद्यासारखा होता, जाड प्लॅस्टिकचा, पुढे चेन असलेला. आबांनी तो दोन बोटांत धरून चोळला. रोपं विकणारा माणूस कापड बघावं तसं प्लॅस्टिक बघतो.

“हा रेनकोट आहे,” ते म्हणाले. “ह्यात मिरची कशी बसंल? एकच माणूस बसंल, तोही वाकून.”

विक्रेता हसला. “काका जाणकार आहेत.”

“जाणकार असून काय उपयोग,” आबा म्हणाले, “घ्यायचं तर लेक ठरवणार.”

दुसरा नमुना मला साधा वाटला. वर पारदर्शक प्लॅस्टिक, तिन्ही बाजूंना हिरवी जाळी, आणि चौथी बाजू मोकळीच. दार नव्हतं. आबा आत जाऊन बाहेर आले, पुन्हा आत गेले. जाळीला नाक लावून वारा येतो का ते त्यांनी बघितलं. मी तिसऱ्या मुद्द्यापुढे फुली मारली आणि म्हणाले, “चला, पुढचा बघू.”

तिसरा नमुना विक्रेत्याचा लाडका होता. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि दुधी रंगाचे जाड प्लॅस्टिकचे पत्रे, ज्यांतून उजेड येतो पण आतलं माणूस धुरकट सावलीसारखं दिसतं. दाराला बाहेरून चपटी सरकती कडी. “कुत्री, माकडं, गाय, काहीच आत नाही जाणार,” विक्रेता म्हणाला. “वादळ आलं तरी दार नाही उघडणार.”

मी कडी सरकवून बघितली. जोर लागत होता. मला बरं वाटलं.

नवरा पायाचा नकाशा बघायला विक्रेत्याबरोबर ऑफिसकडे निघाला. जाताना म्हणाला, “तुझ्या यादीत चहाचा मुद्दा आहे का?”

“नाही.”

“मग पंधरावा लिही. मी आतच आहे.”

आबा तिसऱ्या नमुन्यात शिरले होते आणि आतल्या फळ्यांची उंची हातानं मापत होते. मी बाहेर उभी होते. हातात वही होती, पेन होतं, आणि तिसरा मुद्दा तपासायचा राहिला होता. कुठलीही कडी दोन्ही बाजूंनी तपासावी लागते, एक जण लावतो, दुसरा ढकलतो. कारखान्यात आम्ही असंच करतो. म्हणून मी दार लावलं, कडी सरकवली आणि म्हणाले, “आबा, आतून ढकला बरं. जोरानं.”

आबांनी ढकललं. पत्रा थरथरला, कडी हलली नाही.

“अजून जोरानं.”

त्यांनी खांदा लावला असावा, कारण सावली रुंद झाली. कडी हलली नाही. मी तिसऱ्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली.

आणि फोन वाजला.

हात किल्लीकडे गेला, मग लक्षात आलं की आबा तर इथेच आहेत, घाबरायचं काही नाही. कारखान्यातून होता. एका पंपाच्या सीलमधून गळती लागली होती आणि काम थांबवायचं की नाही ते विचारत होते. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून मी बोलत बोलत फाटकापर्यंत गेले. तिथे उभं राहून तीन जणांशी बोलले. काय काय बंद करायचं ते क्रमानं सांगितलं. फोन ठेवला तेव्हा नवरा ऑफिसच्या दारातून चहाचा पेला दाखवत होता. मी आत गेले. आत पंखा होता. पायाचा नकाशा टेबलावर पसरलेला होता आणि त्यात चूक होती, उताराची बाजू उलटी. मी ती दाखवली. चहा प्यायले.

ज्या मुद्द्यापुढे खूण झाली तो माझ्या डोक्यातून जातो. माझी कामाची पद्धतच तशी आहे, आणि तिच्या जोरावर मी नोकरी, घर, मुलीचं शिक्षण, सगळं सांभाळलं. खूण झाली की संपलं. नवऱ्याला वाटलं आबा रोपवाटिकेत रमले असतील. मला काहीच वाटलं नाही. खरं सांगायचं तर तेवढा वेळ मी निर्धास्त होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

विक्रेत्यानं विचारलं, “मग बेन, तिसरा फायनल?” मी म्हणाले, “थांबा, एकदा यादी बघते.” वरून खाली बोट फिरवत आले. तेरा मुद्द्यांपुढे खुणा होत्या. चौदाव्यापुढे मोकळं होतं.

‘आबांना पसंत?’

मला उठल्याचं आठवत नाही. ऑफिसच्या बाहेरचं ऊन आठवतं, आणि आवारात एकही सावली उरली नव्हती हे आठवतं. दुधी पत्र्यांवर ऊन असं पडलं होतं की तो सगळा खोका आतून पेटल्यासारखा पांढरा दिसत होता. दाराच्या पत्र्याला आतून काहीतरी टेकलेलं होतं. दोन हात, आणि त्यांच्या मधे, जरा खाली, कपाळ.

कडी तापली होती. ती सरकेना. तापल्यावर धातू फुगतो हे मी नव्या कामगारांना दर महिन्याला शिकवते. मी पायातली चप्पल काढली आणि तिच्या टाचेनं कडीवर मारत राहिले. आतून आवाज येत नव्हता, फक्त पत्रा थोडा बाहेर फुगायचा, मग सैल पडायचा, मग पुन्हा फुगायचा. नवरा धावत आला, त्यानं रुमाल गुंडाळून कडी ओढली. दार उघडलं तसे आबा दाराबरोबरच बाहेर आले, कारण त्यांचा सगळा भार दारावर होता.

ते ढकलत होते. तेवढा सगळा वेळ ते ढकलत होते.

मी त्यांना धरलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “अजून ढकलू का, माय?”

त्यांचा चेहरा लाल होता आणि कोरडा होता. घाम नव्हता. मी शिकवते, की तापलेल्या माणसाला घाम असेल तर घाबरू नका, नसेल तर घाबरा. मी कपाळाला हात लावला, मनगटाला लावला, मानेला लावला. सगळीकडे कोरडं.

माझे हात बरोबर चालत होते. ऑफिसच्या पंख्याखाली आडवं केलं, सदऱ्याची बटणं काढली, विक्रेत्याला रोपांना पाणी मारायचा पाइप आणायला सांगितलं, मानेवर आणि काखेत ओल्या गोणपाटाचे तुकडे ठेवले, नवऱ्याला गाडी सुरू करून एसी लावायला पाठवलं. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय शांत बाई आहे. पण मी आतल्या आत फक्त एक प्रश्न विचारत होते. त्यांनी हाक का मारली नाही?

हाक मारायचं कारणच नव्हतं त्यांच्या दृष्टीनं. लेकीनं ढकला म्हटलं होतं. बस म्हटलं नव्हतं.

दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरनं विचारलं, “किती वेळ आत होते?” मी फोन काढला. कारखान्याचा फोन किती वाजता आला ते त्यात होतं, तिथून हिशेब केला आणि सांगितलं, “तेवीस मिनिटं.”

“अडकले कसे?”

नवरा म्हणाला, “दार लागलं.”

“मी लावलं,” मी म्हणाले.

डॉक्टरनं दोघांकडे बघितलं आणि काही लिहिलं नाही. अर्ध्या तासानं आबांच्या काखेत ओलसर लागलं. तो घाम आहे की गोणपाटाचं पाणी, हे कळायला मला वेळ लागला. मी बोट फिरवून वास घेतला. घाम होता. मग मी तिथेच पलंगाच्या पायाशी जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घरी सोडणार होते. दवाखान्याच्या बाकावर नवरा विम्याचं कार्ड शोधायला माझी वही चाळत होता. ते पान आलं. मी बघत होते, पण वही काढून घेतली नाही. त्यानं तिसरा मुद्दा वाचला. मग पुन्हा वाचला. मला वाटलं आता तो विचारेल, तू रोपांचं घर बघत होतीस की कोंडवाडा.

तो म्हणाला, “हे मलाही सुचलं होतं. मी लिहिलं नाही, एवढंच.”

कार्ड त्याच्याच पाकिटात सापडलं.

आबांना त्यातलं काही आठवत नव्हतं. घरी आल्यावर चहा पिताना त्यांनी विचारलं, “रोपांचं घर कधी येणार? पेरणीची वेळ जाईल.” तळहातांवरची लाली त्यांनी उन्हात काम केल्याची म्हणून सोडून दिली. मी मात्र कडी वाजली की थांबायचे. घरात किती कड्या आहेत ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे सगळ्यांना जाता जाता कडी लावायची सवय आहे. न्हाणीघराची कडी, कोठीच्या खोलीची कडी, मागच्या दाराची कडी. बाहेरून दिसली उघडी की हात जातो. आत कोणी आहे का हे विचारायच्या आधी जातो. मी आत जाऊन बघू लागले. दिवसातून वीस वेळा, रिकाम्या खोल्यांमधून.

ग्रीनहाऊस नकोच असं नवरा म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं. पण आबा रोज विचारत होते. गावाहून येताना आणलेलं मिरचीचं बी त्यांनी रुमालात बांधून उशीखाली ठेवलं होतं, आणि ते रोज सकाळी सोडून मोजत होते. नदीची भीती होती तशीच होती. फाटक होतं तिथेच होतं. फरक एवढाच झाला होता की आधी मला फक्त आबा बाहेर असण्याची भीती वाटायची, आता आत असण्याचीही वाटत होती.

कारखान्यात टाकी साफ करायला माणूस आत उतरतो, तेव्हा तोंडाशी एक माणूस उभा करावा लागतो. त्यानं दुसरं काहीच करायचं नसतं. फोन नाही, चहा नाही, कुणी बोलावलं तरी जायचं नाही. आत उतरलेला वर येईपर्यंत उभं राहायचं. नवीन पोरांना ते काम फुकटचं वाटतं. मी त्यांना सांगते, पट्टा तुटतो, झडप अडकते, दार लागतं. सगळ्यात शेवटी वाचवतो तो बाहेरचा माणूस. गेली कित्येक वर्षं मी हे वाक्य बोलते आहे. आबांसाठी चौदा मुद्दे लिहिताना ते मला सुचलं नव्हतं. दार विकत मिळत होतं म्हणून असेल.

मी ‘आमली चहा’ला फोन लावला. त्यानं आवाज ओळखला. आधी विचारलं, “बाबा परत गयात का?” नाही म्हटल्यावर त्यानं श्वास सोडलेला ऐकू आला. आबांजवळ बसायला कुणी हवंय म्हणाले, तर त्याची बायकोच काम शोधत होती. कारखान्यातल्या पाळ्या तिला झेपत नव्हत्या.

ती दुसऱ्या दिवशी आली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला तयार. मी तिला नियमांचा कागद दिला, नऊ मुद्दे, मोठ्या अक्षरात. तिनं तो वरून खाली बघितला.

“ताई, माले वाचता येस,” ती म्हणाली, “पन इतलं वाचस तवपर्यंत बाबा चाळीसगाव पोची जातीन.”

ओट्यावर बसलेले आबा हे ऐकून हसले. त्यांना हसताना बघून किती महिने झाले होते ते मी मोजलं नाही.

विक्रेत्याला मी फोनवर सांगितलं, दुसरा नमुना. जाळीचा. तो म्हणाला, “बेन, तिसऱ्याची कडी काढून देऊ का? आतून उघडणारी बसवू.” मी म्हणाले, “नको. मोकळी बाजूच हवी.” मला नंतर कळलं की त्यानं आवारातल्या त्या नमुन्याचं दार काढून बाजूला ठेवलंय.

एप्रिलच्या शेवटी खोकी आली. नवऱ्यानं आणि मी रविवारी नटबोल्ट जुळवून ते कडुनिंबाखाली उभं केलं. आबा पूर्ण वेळ बाजूला उभे राहून चुका काढत होते. मोकळ्या बाजूसमोर मी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. नियम एकच ठेवला, नऊचा एक केला. आबा आत असताना खुर्ची रिकामी राहायची नाही.

मेच्या मध्यात एकदा मी साडेचारलाच घरी आले. फाटक उघडं. मागे गेले तर खुर्ची रिकामी. तिच्यावर अर्धी निवडलेली मेथी. मी नदीकडच्या रस्त्याचा विचार केला, पायऱ्या आठवल्या, पाणी कुठपर्यंत असेल ते आठवलं, गाडीची किल्ली हातातच होती. मग जाळीच्या आतून आवाज आला. आबा तिला ओरडत होते की बी इतकं खोल पेरत नाहीत. ती गुडघ्यांवर बसून वाफ्यात बोट घालत होती.

“खुर्ची रिकामी आहे,” मी म्हणाले.

ती उठली नाही. मातीचा हात कपाळाला लावून म्हणाली, “ताई, मी त्यास्ना संगे आत शे ना. मंग बाहेर कोन्हासाठे बसू?”

नियमात ते बसत नव्हतं. मी तिला घरी जायला सांगितलं, मेथी उचलली आणि स्वतः खुर्चीवर बसले. उरलेली पानं तोडायला घेतली.

आबा मिरचीच्या ट्रेमध्ये माती भरत होते. खतमाती मुठीत घ्यायची, खळग्यात टाकायची, अंगठ्यानं दाबायची, पुढचा खळगा. मी म्हणाले, “आबा, हा एक ट्रे भरून टाका, मग चहा करते.” ते मान हलवून कामाला लागले. मेथी झाली. मी देठं वेगळी केली, पानं कागदात बांधली, उद्याच्या डब्याचं डोक्यात जुळवलं. सावली भिंतीवर चढली. वर बघितलं तेव्हा तो ट्रे केव्हाच भरला होता. दुसराही भरला होता. तिसऱ्यात माती संपली होती म्हणून ते रिकाम्याच खळग्यांत अंगठा दाबत पुढे जात होते. सदरा पाठीला चिकटला होता.

“आबा,” मी म्हणाले. उठून त्यांच्या अंगठ्यावर हात ठेवला. “बस. झालं.”

त्यांनी लगेच हात काढला आणि बोटं उघडमीट केली.

“हात दुखायला लागला होता,” ते म्हणाले. “म्हटलं तू म्हणशील तेव्हा थांबावं.”